पोतनीसकाका आणि भेरूलालची डबी

देवासला पोतनीसकाकांच्या घराची कडी वाजवली की आतून "कोण आहे?" असं कधीच येत नसे. "गौरी कशाच्या?" असं येई.

कारखान्यात नोकरी लागली आणि मी वळकटी घेऊन खोली शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा मलाही तोच प्रश्न आला. मी म्हणालो, "खोली बघायला आलोय."

"ते समजलं. गौरी कशाच्या तुमच्याकडे? खड्यांच्या, तेरड्याच्या, की मुखवट्याच्या?"

"मुखवट्याच्या."

"उभ्या, की बसलेल्या?"

"उभ्या."

"आणि दुसऱ्या दिवशी नैवेद्याला काय?"

मी आठवून आठवून आईचा सगळा स्वयंपाक बंद दाराला सांगितला. मग कडी निघाली. "या. कऱ्हाडच्या पलीकडले दिसता," काका म्हणाले. मी खरोखरच कऱ्हाडच्या पलीकडचा होतो. भाडं किती हे मला आठवड्यानं कळलं. माझ्या चुलतआजोबांची सासुरवाडी कुठली, हे मात्र त्याच संध्याकाळी कळलं, तेही काकांकडून.

काका महसूल खात्यातून निवृत्त झाले होते. घराणं जुनं, संस्थानी. देवासच्या दोन पात्या, म्हणजे थोरलं आणि धाकटं संस्थान, विलीन होऊन जमाना लोटला होता, तरी पत्ता सांगताना काका "थोरल्या पातीचा दवाखाना ओलांडा, धाकट्या पातीत शिरा" असं सांगत. रिक्षावाले बिचारे शोधत फिरत. नोकरीत त्यांनी खेडोपाडी दौरे केले, ते शेतसाऱ्यासाठी असं सरकार समजत होतं. काका मात्र गावागावातल्या म्हाताऱ्यांजवळ बसून कोण कुणाचा कोण, हे डोक्यात भरत होते. कागदावर काही नाही. सगळं तोंडपाठ.

त्यांच्यापासून कुणाची सुटका नव्हती. दाताच्या डॉक्टरांनी एकदा त्यांच्या तोंडात चिमटा घातला, तेव्हा त्या चिमट्याच्या कडेनं काकांनी डॉक्टरांचं कुलदैवत विचारून घेतलं. दूधवाल्याला ते म्हणत, "भिया, दूध में पानी ठीक है, पर तुम्हारी दादी डही गाँव की थी ना?" कुणी "आपण लांबचे नातेवाईकच की" असं सलगीनं म्हणालं, की काकांचा चेहरा पडे. "पुरावा?" ते विचारत. "नातं म्हणजे काय भाजीवरची कोथिंबीर आहे, वरून टाकली?" पुराव्याशिवाय त्यांनी जन्मात कुणाला नातेवाईक म्हटलं नव्हतं.

स्वतःच्या घराण्याच्या सात पिढ्या ते एका दमात म्हणत. शेवटी स्वतःचं नाव येई आणि ते थांबत. एकदा मी अजाणता म्हणालो, "आणि पुढे?"

"पुढे चहा घ्या," काका म्हणाले.

काकूंनी चहा ठेवला आणि लगेच आत गेल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, या घरात कुठल्याच भिंतीवर पोराच्या हातच्या रेघोट्या नव्हत्या.

ऐंशी-एक्याऐंशी साल असेल. आमच्या कारखान्यात पंप बघायला थेट त्रिनिदादहून एक पाहुणा आला. रंगानं आपल्यासारखा, बोलणं इंग्रजी, तेही गाण्याच्या चालीवरचं. नाव केनेथ भेरूलाल. त्याचा पणजा इथूनच कुठून तरी करारावर उसाच्या मळ्यात गेला होता, गिरमिटिया म्हणून, आणि परत आला नव्हता. पंपांचं काम झालं, की गाव शोधायचं, असं तो म्हणाला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्याला काकांकडे नेलं.

कडी वाजवली. "गौरी कशाच्या?" आलं. केनेथनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "काका, हे त्रिनिदादचे."

त्रिनिदादच्या गौरींविषयी काकांना काहीच माहिती नव्हती. मुकाट्यानं दार उघडलं गेलं. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"भेरूलाल हे नाव झालं. आडनाव?" काकांनी त्यांच्या कचेरीतल्या इंग्रजीत विचारलं.

"तेच आडनाव. मळ्याच्या कारकुनानं पणजोबांचं नाव लिहून घेतलं, तेच सगळ्यांना चिकटलं."

"कारकून नालायक," काका म्हणाले. त्यांना कारकुनांचा अनुभव होता.

मग केनेथनं पिशवीतून एक पितळी डबी काढली. तिच्यात कापडाच्या चिमुकल्या पुरचुंड्या होत्या. त्याच्या घरातल्या प्रत्येक मुलाचं जाऊळ. आजोबांचं, वडलांचं, त्याचं स्वतःचं, आणि सगळ्यात वर त्याच्या लहानग्या मुलाचं. पणजा सांगून गेला होता की आपल्या पोरांचे पहिले केस आपल्या भेरूजीला द्यायचे. कुणी देशात गेलं तर न्या. घरातल्यांची समजूत अशी की भेरूजी म्हणजे स्वतः पणजोबाच. म्हणून त्यांनी डबी पणजोबांच्या फोटोखाली ठेवली आणि पणजोबा केस घेऊन काय करणार, हा विचार कुणीच केला नाही.

काकांनी कपाळाला हात लावला. "अहो, भेरूजी म्हणजे देव! माळव्यात प्रत्येक घराण्याचा आपापला. झाडाखाली शेंदूर फासलेला दगड. पोराचं जाऊळ त्यालाच." मग डबीकडे बघत हळूच म्हणाले, "एवढ्या वर्षांची बाकी राहिली की देवाची."

केनेथची आई थकली होती. निघताना तिनं एवढंच सांगितलं होतं, की डबी रिकामी घेऊन ये, म्हणजे मी सुटले. परतीचं विमान चार दिवसांवर होतं. काका उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "शोधतो. पण अंदाजानं कुठल्याही दगडापुढे बसवणार नाही."

केनेथला आणखी दोनच गोष्टी माहीत होत्या. पणजा म्हणे, नर्मदेला पायी जाऊन संध्याकाळी घरी येई. आणि डोंगर चढून बाजाराला जाई. काकांनी डोळे मिटले. "घाटाखालचा आहे. लोहारद्याकडचा." काकूंनी दशम्या बांधल्या आणि काका, काकू, केनेथ आणि मी कारखान्याच्या जीपमधून निघालो. काकूंना का घेतलं, असं मी विचारलं, तर काका म्हणाले, "बायका आतल्या घरातलं विचारून आणतात. मला चुलीपाशी कोण बसवणार?"

तीन दिवस आम्ही गावं पालथी घातली. काका पारावर बसून विचारत, "गिरमिट पे कोई गया था क्या दादा, पुराने जमाने में?" म्हातारे विचार करत, बिडी पेटवत आणि सांगत की गेले पुष्कळ, कुणी दुष्काळात, कुणी भांडून, नावं कोण ठेवतो. भेरूलाल तर प्रत्येक गावात होता. एका गावात तर तीन भेरूलाल आनंदानं जीपभोवती जमले आणि तिघांनीही केनेथला आपला मानलं. एकानं त्याला मिठी मारून जेवायला धरून बसवलं. काकांनी तिघांनाही पुरावा विचारून नापास केलं.

चौथ्या दिवशी सकाळी लोहारद्याजवळच्या एका शेताच्या बांधावर, निंबाखाली, काका बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"केनेथ," ते म्हणाले, "मला तुमचं गाव सापडलं नाही."

हे वाक्य काकांनी आयुष्यात कुणाला म्हटलं नसेल. केनेथनं डबी दोन्ही हातांत धरली होती. "मग मी आईला काय सांगू?" त्यानं विचारलं. रागानं नाही, खरोखरच विचारलं. मला त्या दोघांकडेही बघवेना.

काकू दशम्यांचं फडकं झटकत होत्या. त्या म्हणाल्या, "हा निंबाखालचा दगड भेरूजीच आहे ना?"

"आहे. पण यांचा नव्हे."

"कशावरून नव्हे?"

काकांनी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली. त्यांचाच प्रश्न आजवर कुणी त्यांना उलटा विचारला नव्हता.

"भेरूजी सगळा एकच. दगड काय, लोकांनी वाटून घेतलेत," काकू म्हणाल्या. "लेकरांचे केस किती दिवस डबीत ठेवायचे? घामेजतील. त्या भोप्याला हाक मारा."

भोपा, म्हणजे तिथला पुजारी, शेतातून हात पुसत आला. नारळ फुटला, शेंदूर लागला, उदबत्ती लागली. केनेथनं बूट काढले आणि पुरचुंड्या उलगडायला घेतल्या. तेवढ्यात भोप्यानं हात आडवा केला.

"भुआ कां हे? भुआ का पल्ला बिना बाल नी चढे."

भुआ म्हणजे आत्या; ती कुठे आहे, असं तो विचारत होता. जाऊळ जमिनीवर पडू द्यायचं नसतं. ते मुलाच्या आत्यानं पदरात झेलायचं आणि तिच्याच पदरातून देवाला द्यायचं. केनेथला मी समजावून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. त्याला बहीणच नव्हती.

काकू पुढे झाल्या. चप्पल काढली, खाली बसल्या आणि पदर पसरला.

भोप्यानं काकांकडे पाहिलं. गावोगाव पुरावे मागत फिरणाऱ्या या माणसाबद्दल त्यानं ऐकलं होतं. "काकीसाब इनकी कईं लागे?" काकू यांच्या कोण लागतात, असं तो विचारत होता.

काका काकूंच्या पसरलेल्या पदराकडे बघत होते. त्या पदरात आजवर कधी कुणाचं जाऊळ पडलं नव्हतं.

"बेन लागे," काका म्हणाले. "सगी बेन."

केनेथनं एक एक पुरचुंडी काकूंच्या पदरात सोडली. आजोबांचे केस, वडलांचे, स्वतःचे, पोराचे. चार पिढ्यांना एकच आत्या कशी, हे भोप्यानं विचारलं नाही, आणि काकांनी तर मुळीच नाही. काकूंनी सगळं देवापुढे ठेवलं, हात जोडले आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. केनेथ रडत होता आणि हसतही होता.

परतीच्या वाटेवर घाट चढताना काकूंनी विचारलं, "पोराचं डोकं केवढं आहे हो? आत्यानं टोपडं द्यायचं असतं. रात्रीतून शिवते, उद्या विमानात बरोबर न्या."

मी भाषांतर केलं. केनेथनं हवेत दोन्ही हातांनी माप दाखवलं. जीप उसळली तशी काकांनी घाईघाईनं आपले हात त्याच्या हातांबाहेरून धरले आणि त्याला म्हणाले, "सोडा तुम्ही. मी धरलंय."

मग काका त्याला विचारू लागले. पोरगा जेवतो का नीट? बोलतो काय काय? पडतो-झडतो का? आपल्यानंतर जन्मलेल्या माणसाची चौकशी करताना मी काकांना पहिल्यांदाच ऐकत होतो.

देवास येईपर्यंत काकांनी हात हलवले नाहीत. टोपी वाऱ्यानं उडाली ती मी उचलली. दारात उतरलो तेव्हाही त्यांचे दोन्ही हात तसेच समोर, मधे लहान मुलाच्या डोक्याएवढी जागा सोडून. कडी मीच काढली, आणि काका तसेच आत गेले, काकूंच्या शिलाई मशीनपाशी.