हेमराजने लावलेला कार्डांचा पट

दिव्यानीच्या कॉम्प्युटरमध्ये नवं (म्हणजे कोणीतरी वापरून टाकून दिलेलं) ग्राफिक्स कार्ड सरळ बसवावं, की आधी जुन्या कार्डाशी त्याची तुलना करून पाहावी, एवढाच प्रश्न होता. हेमराजने तुलना करायचं ठरवलं. त्या दिवशी पोंभुर्ण्यात हा निर्णय झाला नसता, तर कोणाचं काही अडलं नसतं.

दिव्यानी ही हेमराजची मुलगी. नागपूरला घरसजावटीच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाला होती आणि सुट्टीत घरी आली होती. जंगलातल्या एका हॉटेलचं चित्र तिने कॉम्प्युटरवर उभं केलं होतं. त्यात दारातून शिरून सगळीकडे फिरता येईल असा छोटा व्हिडिओ तयार करून संध्याकाळी पाचच्या आत कॉलेजला पाठवायचा होता. पाच वाजले की वर्ष गेलं. जुनं कार्ड दमत-भागत का होईना, वेळेत पोचलं असतं. पण सकाळच्या बसने भद्रावतीहून प्रफुल्लमामा उतरला, आणि त्याच्या पिशवीत दुसरं कार्ड होतं.

"भाऊजी, हे पाहा. दोन पंखे!" प्रफुल्ल म्हणाला.

हेमराजने दोन्ही कार्डांवरचे आकडे वाचले. जुन्यावर सातशे पन्नास, नव्यावर सहाशे साठ. "अरे, हे तं लहान आहे!"

"तसं नसते नं भाऊजी. पयला आकडा पिढीचा, दुसरा ताकदीचा. तुमचं पोरगं आहे, माहा पैलवान आहे. मेमरी दोघाची सारखी, दोन जीबी. पन याचा मेमरीचा रस्ता रुंद. तुमचा एकशे अठ्ठावीस, याचा एकशे ब्याण्णव."

"खाते किती?" हा प्रश्न शेजारच्या वारलूभाऊंचा. त्यांच्या बैलांनी तालुका गाजवला होता, त्यामुळे कोणत्याही वस्तूबद्दल पहिला प्रश्न ते हाच विचारत.

"तुमचं साठ वॅट. माहा एकशे चाळीस. वेगळी वायर लावा लागते त्याले."

"मंग घरधन्याले बुडवते हा," वारलूभाऊ म्हणाले आणि खाटेवर नीट मांडी घालून बसले.

हेमराज वनखात्याच्या ऑफिसात बाबू होता, पण त्याची खरी ओळख वेगळी होती. दरवर्षी शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, घड्याळ त्याच्या हातात असे. दोन जोड्यांतली सरस कोणती, हे एकाच दाणीवर (पटाच्या धावपट्टीला आमच्याकडे दाण म्हणतात) दोघींना पळवल्याशिवाय ठरत नाही, यावर त्याची श्रद्धा होती.

"आधी पट लावू," तो म्हणाला.

"बाबा, मले काम करू द्या नं!"

"एकच फेरी. तुह्या भल्यासाठीच करून राह्यलो."

"पोरीचं वर्ष जाईन," आतून चंचल म्हणाली. (ती हेमराजची बायको आणि प्रफुल्लची बहीण. म्हणजे दोन्ही बाजूंनी पोळलेली.)

जुन्या कार्डाने हॉटेलचा पोर्च निमूटपणे चितारला. हेमराजने वेळ घेतली. मग पैलवान बसवला. दोन्ही पंखे घुमले, पोर्च निम्म्या वेळात होत आला, वारलूभाऊंनी "हुर्र्या" केलं, आणि पडदा काळा झाला.

"गरम झालं," दिव्यानी कपाळावर हात मारून म्हणाली. "मामा, याची पेस्ट वाळली असन."

चिप आणि तिच्यावरचा धातूचा पत्रा यांच्यामध्ये एक पांढरी लोण्यासारखी पेस्ट असते. तिच्यामुळे चिपची उष्णता पत्र्यात जाते. प्रफुल्लने कार्ड उघडलं. पेस्टचा पार चुना झाला होता. पोंभुर्ण्यात ती मिळणार कुठे?

"काढा ते, जुनंच लावा," दिव्यानी म्हणाली आणि फोनवर मैत्रिणीला काही विचारायला अंगणात गेली.

वारलूभाऊ पुढे वाकले. "पोळ्याच्या आदल्या दिशी आपन बैलाचा खांदा कायनं शेकतो?"

"तूप-हळदीनं," हेमराज म्हणाला, आणि त्याला सगळं लख्ख दिसलं. जू वाहून तापलेला खांदा. वर्षभर राबलेली चिप. "प्रफुल्ल, ते पेस्ट तरी काय असते? चिकट पायजे, बस."

प्रफुल्लने मान डोलावली. (भद्रावतीसारख्या शहरगावचा माणूस असून डोलावली, हे पुढे त्याने साफ नाकारलं.)

हेमराजने चंचलची पाठ वळलेली पाहून घट्ट तूप वाटीत काढलं, त्यात हळद कालवली, आणि परसातल्या पळसाच्या पानाने ते चिपला प्रेमाने लावलं. हात सैल होता. खांदा शेकताना कोणी हात आखडता घेत नाही.

आणि सांगायला लाज वाटते, पण कार्ड चाललं! तापमानाचा आकडा खाली आला. दिव्यानी परतली तेव्हा पैलवान जेवणघर चितारत होता.

"बाबा, तुम्ही काय केलं?"

"अनुभव," हेमराज म्हणाला.

मग घरभर खमंग वास सुटला. "कोनाच्या घरी बुंदी पाडून राह्यले?" चंचलने विचारलं. वितळलेलं तूप पत्र्यातून ओघळून पंख्यापर्यंत पोचलं आणि पंख्याने ते सर्वांना सारखं वाटलं. भिंत पिवळी झाली, कॅलेंडर पिवळं झालं, घड्याळ धरून पुढे वाकलेला हेमराज तर नवरदेवासारखा हळदीने माखला. पडदा पुन्हा काळा.

दिव्यानीने स्पिरिट आणि कापूस आणला, सगळं पुसलं, जुनं कार्ड बसवलं. डोळे भरले होते, हात थांबत नव्हते.

"आता पुरं होत नाई," ती म्हणाली. "कायतरी कमी करा लागन."

तिने हॉटेलभोवतीची झाडं निवडली आणि एक बटण दाबलं. सागवान, मोह, तेंदू, अख्खं जंगल गेलं. वनखात्याच्या माणसाच्या डोळ्यांदेखत, कोणतीही परवानगी न घेता. चंचलने गल्लीत फिरून सगळ्यांचे कूलर बंद करायला लावले, व्होल्टेज पडू नये म्हणून. वारलूभाऊ उन्हात जाऊन पिठाच्या चक्कीवाल्याला गप्पांत गुंतवून बसले.

जुनं कार्ड ओढत राहिलं. एक खोली, मग दुसरी. पाचला थोडा वेळ उरला असताना व्हिडिओ तयार झाला, आणि तो कॉलेजला पोचल्याची खूण पडद्यावर येईपर्यंत घरात कोणी खोकलंसुद्धा नाही.

"गेला!" दिव्यानी म्हणाली आणि आईच्या गळ्यात पडून रडली.

चहा झाला. गल्लीतले कूलर पुन्हा सुरू झाले. हेमराजला जरा धीर आला. पंच म्हणून आपण काहीतरी बोलायला हवं, असं त्याला वाटलं. त्याने घसा साफ केला.

"तं आता निकाल. ताकद पाहाची का टिकाव पाहाचा? दोघाईतलं सरस कोन, तूच सांग चंचल."

चंचल भिंतीवरची हळद खरवडत होती. तिने वळून आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

"कार्डाचं मले नाई समजत. तुमचं दोघाचं सांगते. दोघंई जुने, दोघंई आवाज जास्त करता, अन् काम सांगतलं का गरम होता. पन प्रफुल्ल सरस."

"काऊन?"

"त्याले उद्याच्या बसनं वापस पाठवता येते."