अंबाडीचं तोरण

गुरुवारी संध्याकाळी श्याम दुखानच्या तेल कंपनीतून ऐंशी किलोमीटर गाडी हाकत दोह्यातल्या मदिनत खलीफाला घरी आला, दारात एक बूट काढला, दुसरा काढताना तोल सांभाळायला चौकट धरली आणि त्याची नजर वर गेली. चौकटीला क्रोशाचं नवंकोरं तोरण होतं. हिरवीगार पानं, प्रत्येक पानाला सात बोटं, कडेला बारीक दाते.

“आई, हे काय आहे?”

“अंबाडी,” सत्यभामाबाई आतून म्हणाल्या. “त्या म्युझियममधली. ओळखू येती न्हवं?”

ओळखू येत होती, तीच तर पंचाईत होती.

यात चूक कुणाची म्हणाल, तर श्यामचीच. आईला परभणीहून आणताना मुंबईच्या विमानतळावर त्याने तिची खसखशीची पुडी कचऱ्यात टाकली होती, कारण खसखस म्हणजे अफूचं बी, आणि आखातात तीसुद्धा अमली पदार्थ ठरते. त्यावरून आईने चार दिवस अबोला धरला. तो राग निवावा म्हणून त्याने बायकोला, नमिताला, आणि आईला युरोप दाखवायला नेलं. नवव्या दिवशी अ‍ॅमस्टरडॅममध्ये पावसाने गाठलं. आईचे गुडघे संपले होते, श्याम तर त्याच्या आधीच संपला होता. समोर एक म्युझियम दिसलं. रांग नाही, आत बसायला बाकं, बाथरूमची सोय. पाटी न वाचता त्याने तीन तिकिटं काढली.

ते निघालं गांजाचं म्युझियम. गांजाचा हजारो वर्षांचा इतिहास, अगदी साग्रसंगीत. चिलमी वगैरे वरच्या मजल्यावर होत्या, तिथे गुडघ्यांमुळे आईला जायचं नव्हतं. खाली होते वाखाचे दोर, जाडंभरडं कापड, जहाजांची शिडं आणि भिंतभर एक हिरवं पान. नमिता बाकावर बसून पाय चोळत राहिली. आई मात्र त्या पानापुढे हरखून उभी होती.

“श्याम, ही अंबाडी का रे?”

पान हुबेहूब अंबाडीसारखंच होतं, वाखही तसाच. खरं सांगितलं असतं तर आणखी वीस प्रश्न आले असते आणि वर पुन्हा अबोला. श्याम म्हणाला, “हो.”

“अगं माय! आमच्या भाजीचं म्युझियम केलं की ह्यांनी!” सत्यभामाबाईंनी पुढचा दीड तास एकेक कपाट डोळे भरून पाहिलं.

आता मात्र श्याम एका बुटावर लंगडत आत गेला. “आई, अगं तो गांजा आहे!”

“तूच म्हनलास अंबाडी.”

“तेव्हा मी दमलो होतो.”

“आन आता?”

“आताही दमलोय. पण इथे हे पान कुणी दारावर पाहिलं ना, तर नोकरी जाईल, व्हिसा जाईल, आणि त्याआधी मी आत जाईन. किती केलीस असली?”

“लोकर तरी कुठं हाय एवढी? तीनच. एक हे. एक तुझ्या गाडीत.”

“माझ्या गाडीत?”

होतं. मागच्या काचेपाशी टिश्यूच्या डब्याला कव्हर, त्यावर पाच पानं. रविवारपासून तो ते मिरवत कंपनीच्या गेटमधून जात होता. गेटवरचा जहूर हल्ली रोज हसून सलाम का ठोकतो, याचा उलगडा त्याला आत्ता झाला. त्याला वाटलं होतं, आपल्या प्रमोशनची बातमी फुटली.

नमिता म्हणाली, “मला वाटलं मेपलची पानं आहेत.”

“आणि तिसरं, आई?”

“हजराला दिलं.”

हजरा म्हणजे शेजारच्या व्हिलात राहणाऱ्या घरमालकाची, अबू नासरची आई. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षर कळत नसे, तरी रोज दुपारी तासभर गप्पा चालत. हजराने ते तोरण मजलिसच्या, म्हणजे बाहेरच्या बैठकीच्या दाराला लावलं होतं. दर गुरुवारी तिथे पाहुणे जमत. त्यांत अबू नासरचा पुतण्या असे, आणि पुतण्या पोलिसात होता.

श्यामने काढलेला बूट परत घातला.

“मागू नकोस,” नमिता म्हणाली, “तारीफ कर. मागे तू त्यांच्या अत्तरदाणीला छान म्हणालास, तर ती आपल्या घरी आली.”

मजलिसमध्ये अबू नासरने त्याला हाताला धरून बसवलं. “बैठो, श्याम! गहवा पियो.” पुतण्या समोरच होता, दाराकडे पाठ करून. श्यामने कॉफीचा घोट घेतला आणि दाराकडे बघून म्हणाला, “बहोत सुंदर है!”

दाराशेजारी धूपदान होतं. अबू नासरने ते उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.

“ये नहीं... मतलब, ये भी. पर वो!”

या वेळी खजुराची पेटी आली. श्याम उठला, मांडीवरचं सगळं सावरत दारापाशी गेला आणि तोरणाला हात लावून म्हणाला, “ये! ये बहोत अच्छा है!”

पुतण्याने मान वळवली. मग उठून जवळ आला आणि एक पान बोटांत धरलं.

“कौन सा पत्ता है ये?”

श्यामच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा नोकरी आली, मग परभणी. “सब्जी,” तो म्हणाला. “अंबाडी.”

“अंबाडा!” पुतण्याचा चेहरा खुलला. “हमारा कुक हैदराबादी है. अंबाडा गोश्त बनाता है. मेरा फेवरेट!”

श्यामला रडूच यायचं राहिलं होतं. अबू नासरने तोरण काढून त्याच्या हातात दिलं. “खलास, तुम्हारा. लेकिन मेरी माँ नाराज होगी. अगले गुरुवार इसकी सगाई है, पूरा पोलीस डिपार्टमेंट आएगा. तुम्हारी माँ चार नया बनाएगी, चार दरवाजे. ओके?”

“इन्शाल्ला,” श्याम म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

घरी येऊन त्याने तिन्ही वस्तू उसवल्या आणि हात जोडले. “आई, चार तोरणं कर. पण पान नको. कुठलंही पान नको. फूल कर, फळ कर.”

“बरं बाबा. पान न्हाई करत.”

तो आठवडा श्यामचा बरा गेला. पुढच्या गुरुवारी घरी आला तेव्हा शेजारी दिव्यांच्या माळा लागल्या होत्या आणि मोठ्या गाड्या येऊन थांबत होत्या. दारात बसून त्याने एक बूट काढला. सत्यभामाबाई खुशीत होत्या.

“दुपारीच दिली. हजरानं चारी दारांना लावली. हे बघ, नमितानं फोटो काढलाय.”

श्यामने मोबाईल हातात घेतला. गोल गोल फळं, प्रत्येकाच्या डोक्यावर छोटासा मुकुट. पान एकही नव्हतं. त्याला इतकं बरं वाटलं की त्याने आईचा हात धरला.

“छान झालीत गं. डाळिंबं ना?”

“डाळिंबं कसली, लेकरा! खसखशीची बोंडं हायत. तू माझी पुडी फेकलीस, तवापासनं मनात होतं माझ्या.”

श्यामने काढलेला बूट परत पायात घातला.