आचारसंहिता आणि पुजलेली बंदूक

कायदा मला कुणी शिकवू नये. उभी हयात तालुका कचेरीत गेली, त्यातही निवडणूक शाखेत. आचारसंहिता लागली की तालुक्यातल्या झाडून सगळ्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या की नाही हे बघायचं काम माझ्याकडे असे. भलेभले पाटील खांद्यावर बंदूक टाकून मुकाट्यानं यायचे. आमदाराच्या मेव्हण्यालाही मी सोडलं नव्हतं. तेव्हा शॅननला जे झालं त्यात माझी काडीचीही चूक नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शॅनन आयर्लंडमध्ये आहे. विमानतळ, त्याला लागून कारखाने, आणि उरलेल्या जागेत वारा. माझी लेक कौमुदी आणि जावई वेदांतराव तिथं नोकरी करतात. मी पोचलो त्याच दिवशी वेदांतरावांनी चहाचा कप हातात देत सांगितलं, "बाबा, माझा नागरिकत्वाचा अर्ज अगदी शेवटाला आलाय. गार्डा, म्हणजे इथले पोलिस, चौकशी करून अहवाल पाठवतात. तोवर त्यांच्या डोळ्यावर येईल असं काही नको."

"माझ्याकडून? अहो, मी निवृत्त सरकारी नोकर आहे."

जावई भला, पण भारी धास्तावलेला. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नल हिरवा होईपर्यंत रस्ता ओलांडायचा नाही. पोरीचा सगळा संसार त्या एका अर्जावर टांगलेला. मला खरंच कळवळा यायचा. मी मनाशी ठरवलं, आपल्याकडून या माणसाला लागेल ती मदत करायची.

खंडेनवमीला दोघं कामावर गेल्यावर मी परसातली शेड उघडली. फावडं, कात्री, गवत कापायचं यंत्र, सगळं पुसून पूजेला मांडलं. यंत्रामागे पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडलं तर बंदूक! लांब नळीची, गंजलेली. घरमालकाची असणार. आता खंडेनवमीला शस्त्र आपल्या पायानं समोर आलंय म्हटल्यावर तसंच कसं ठेवणार? मी तिलाही बसवली. भरपूर कुंकू लावलं, कुंडीतल्या शेवंतीचा हार घातला आणि जागेवर ठेवून दिली. पोरांना उगाच काळजी नको म्हणून बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालो, तर खांबाखांबावर फोटो. हसणारे, हात न जोडता मतं मागणारे. निवडणूक लागली होती. आचारसंहिता चालू, घर वेदांतरावांच्या नावावर भाड्यानं घेतलेलं, आणि शेडमध्ये जमा न केलेलं शस्त्र! अर्जाचं काय होणार? तसाच माघारी फिरलो.

आता पोत्यात घालून न्यावी की उघडी? यावर मी नीट विचार केला. लपवून नेतो तो चोर. उघड नेतो तो परवानाधारक. आमच्या तालुक्यात कुणी पोत्यात घालून आणली असती तर त्याला मीच आत टाकायला लावलं असतं. मी कोट चढवला, टोपी घातली, शाल घेतली, बंदूक खांद्यावर टाकली आणि गार्डांच्या ठाण्याकडे निघालो. हार तसाच राहू दिला.

लोक फार अदबीचे. मी दिसलो की रस्ता ओलांडून पलीकडे जात होते. एका आजीबाईंनी तर मला बघून येशूपासून सगळ्या संतांची नावं घेतली. मी मान लववून "गुड मॉर्निंग" म्हटलं.

ठाणं दिसायला लागलं तोच गार्डांची गाडी आडवी आली. एक तरुण मुलगी उतरली, मागोमाग एक दांडगा गडी.

"सर," मुलगी लांबूनच म्हणाली, "ते हळूच जमिनीवर ठेवा."

"ठेवणार नाही."

"सर, प्लीज. जमिनीवर."

"अहो बाई, काल पूजा झालीय तिची. जमिनीवर कशी ठेवू?"

तिनं खांद्यावरच्या वायरलेसमध्ये सांगितलं, "तो नाही म्हणतोय." मी बघितलं तर दोघांच्याही कमरेला पिस्तूल नाही. पोलिसच बिनहत्यारी.

"तुमच्याकडे बंदूक नाही?"

"नाही."

"मग ही धरा," म्हणून मी दोन्ही हातांनी ती अदबीनं पुढं केली, तर दोघंही गाडीमागे दिसेनासे झाले.

शेवटी मीच समजूतदारपणा दाखवला. रस्त्यावर शाल अंथरली, तीवर बंदूक ठेवली, वाकून नमस्कार केला आणि मागं सरलो. मुलीनं येऊन खाली वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हे लाल कसलं आहे?"

"कुंकू."

"कुंकू कोण?"

ठाण्यात सार्जंट होता. पिकल्या मिशांचा, शांत. मी त्याला म्हटलं, "पावती मिळाल्याशिवाय मी हलणार नाही."

"बंदूक कुणाची?"

"मी पाहुणा. घर वेदांतरावांच्या नावावर आहे, तेव्हा जमा करणारा म्हणून त्यांचंच नाव घाला. नागरिकत्वाचे अर्जदार असंही लिहा. श्रेय त्यांना मिळू दे."

सार्जंटनं पेन खाली ठेवलं आणि फोन उचलला.

वेदांतराव आले ते पांढरेफटक पडूनच. "बाबा, काय केलंत हे?"

"तुमचं नाव लावलं."

ते मटकन बाकावर बसले.

तोवर सार्जंटनं घरमालकाला गाठलं. बंदूक त्याच्या मेलेल्या आजोबांची, कावळे हाकायची. ती हरवली असं घरातले सगळे धरून बसले होते. गंजून चाप जाम झालेला. सार्जंट मला म्हणाला, "खांद्यावर नाही, पोत्यात नाही, हारातही नाही. अशी वस्तू सापडली की हात लावायचा नाही, फोन करायचा. आम्ही येऊन नेतो. आणि यात निवडणुकीचा काय संबंध?"

मी आचारसंहिता समजावून सांगितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "तुमच्याकडे उमेदवारांना बंदुका लागतात?"

"उमेदवारांना नाही, कार्यकर्त्यांना."

वेदांतरावांनी हळूच विचारलं, "माझ्या अर्जाचं?"

"घडलं ते अहवालात लिहावं लागेल," सार्जंट म्हणाला.

तेव्हा मात्र मी घाबरलो. पोरीला तोंड कसं दाखवू? पण कचेरीतला माणूस कागदापुढे हार मानत नसतो. मी उठलो. "लिहा. पण अर्धवट लिहायचं नाही. शस्त्र सापडताच स्वतःहून, दिवसाढवळ्या, सर्वांसमक्ष जमा केलं. घरातल्या कुणाला काही ठाऊक नव्हतं. सगळा उपद्व्याप सासऱ्याचा, असं लिहा."

सार्जंटनं पेन पुन्हा उचललं. तसंच लिहिलं. पावतीही दिली.

त्या रात्री कौमुदीनं वरणभात वाढला, तूप वाढलं नाही. पुढचे कितीतरी दिवस घरात माझ्याशी फक्त केतली बोलत होती. पोस्टमन दिसला की मी दाराशी जाऊन उभा राहायचो.

आणि एका सकाळी पत्र आलं. अर्ज मंजूर! कौमुदी रडली, मीही रडलो. वेदांतराव माझ्या पाया पडले. जेवताना दोनदा तूप आलं.

त्याच आठवड्यात निवडणुकीचा निकालही लागला. निकाल लागला की आचारसंहिता संपते, आणि जमा शस्त्र पावती दाखवून परत आणायचं असतं. मालकाची वस्तू मालकाला पोचवायला नको? पावती खिशात घालून मी दाराशी आलो, तर बूट नाहीत.

"जप्त केलेत, बाबा," वेदांतराव आतून म्हणाले. "तुम्ही विमानात बसेपर्यंत."

कायदा म्हणजे कायदा. मी वाद घातला नाही. "ठीक आहे. पावती द्या."

"मिळणार नाही."

बघा! अर्ज मंजूर झाला नाही तोच माणूस नियम मोडायला लागला.