चूर्णावरच्या कोंबड्या

‘करून बघू या’ असं मी म्हणालो की आमची अरुणा आधी गॅस बंद करते. (त्यामागे एक इतिहास आहे. त्यात प्रेशर कुकर आहे. पण तो पुन्हा कधीतरी.) त्या दिवशी गॅस बंदच होता, तरी तिनं उठून एकदा बटण तपासलं.

साल ब्याण्णव. मी सिल्वासातल्या एका यार्नच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. दिवसभर धागा ताणायचा आणि तुटला की ‘तुटला’ असं लिहायचं. एवढ्यावर माणसाचं कुतूहल कसं भागणार? सामरवरणीत आम्ही भाड्यानं घेतलेल्या घरामागे चांगलं ऐसपैस परस होतं. तिथं ब्रॉयलर कोंबड्यांची पिल्लं आणायचं मी ठरवलं.

“पाळायची?” अरुणानं विचारलं.

“पाळायची आणि विकायची.”

“आणि मधल्या वेळात?”

“मधल्या वेळात प्रयोग.”

तिनं कपाळाला हात लावला. पण माझं म्हणणं साधं होतं. माणसाला अशक्तपणा आला की आपण चूर्ण देतो, काढा देतो. मग कोंबडीच्या खाद्यात औषधी वनस्पती घातल्या तर कोंबडी वजनदार होईल की नाही? होईल तर किती? मला खरंच जाणून घ्यायचं होतं. परसात जाळीचे दोन कप्पे केले. डावीकडच्या पिल्लांना बाजारातलं साधं खाद्य, उजवीकडच्यांना तेच खाद्य अधिक माझं चूर्ण.

वनस्पती घ्यायला मी बाजारातल्या काष्ठौषधींच्या दुकानात गेलो. म्हातारे गुजराती शेठ गल्ल्यावर होते. माझं हिंदी तेव्हा नाशिकहून नुकतंच आलेलं.

“शतावरी, अश्वगंधा, किराईत, सब दो,” मी म्हणालो. “बच्चों का वजन बढ़ाना है.”

“कितने बच्चे?”

“चालीस.”

शेठ तागडी धरून थांबले. मला त्यांनी डोक्यापासून चपलांपर्यंत पाहिलं.

“सब आपके?”

“हाँ. आधों को ही देना है. बाकी आधे ऐसे ही रखूँगा, देखने के लिए.”

शेठनी पुड्या बांधल्या, पण देताना माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

घरी आल्यावर सगळं मिक्सरमध्ये दळलं. (पुढे कितीतरी दिवस आमच्याकडची खोबऱ्याची चटणी पित्तावर गुणकारी होती.) मी फर्स्ट शिफ्टला जाई, त्यामुळे पिल्लांना खाऊ घालायचं काम अरुणाकडे आलं. ती कोंबडी खात नाही, अंड्याच्या वासानंही तिचं डोकं दुखतं. पण पिल्लांशी मात्र ती माझ्यापेक्षा प्रेमानं बोलायची.

आणि काय सांगू! उजवा कप्पा बघता बघता भरला. डावीकडच्या कोंबड्या बऱ्या होत्या, पण उजवीकडच्या म्हणजे लग्नातल्या वरमाया. मी कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटलो. बातमी आमचे मॅनेजर प्रभाकर दातारसाहेब यांच्यापर्यंत गेली. साहेबांची दुधनीला धरणाच्या बाजूला जागा होती आणि तिथं पोल्ट्री काढायचं त्यांच्या मनात होतं.

“नंदकुमार, रविवारी येतो बघायला,” साहेब म्हणाले. “जमलं तर पार्टनर होऊ आपण.”

मॅनेजरचा पार्टनर! मी आरशासमोर उभा राहून ‘प्रभाकर’ अशी एकेरी हाक मारून पाहिली. जमत होती.

रविवारी साहेब आले. काटा आणून ठेवलाच होता. डावीकडची एक कोंबडी तोलली, मग उजवीकडची. काटा असा खाली गेला की साहेब दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला लागले.

“वा! आता या खातात कशा ते दाखवा.”

मी चूर्ण घातलेल्या खाद्याची पाटी उजव्या कप्प्यात ठेवली. एक कोंबडी आली. तिनं एक दाणा उचलला, मान झटकली, चोच मातीला पुसली आणि माझ्याकडे पाठ फिरवली. मग सगळ्यांनीच फिरवली.

“साहेबांना लाजतायत,” मी म्हणालो.

एवढ्यात अरुणा चहाचा ट्रे घेऊन आली. तिला बघताच उजवा कप्पा एकच कल्लोळ करत जाळीवर धावून गेला. साहेबांनी चहाचा घोट घेतला.

“वहिनी, चहा फक्कड. दूध कुठलं?”

उत्तर द्यायला अरुणा तोंड उघडणार, तोच कुंपणापलीकडून शेजारच्या आक्काबाईंचा आवाज आला. त्या मूळच्या धुळ्याकडच्या, त्यांचे यजमान आमच्याच कारखान्यात फिटर.

“अवं ताई, आज कोंबड्यांचं औषध नाही टाकलं का बकरीला? दावं तोडून राहिली ती!”

दावं तुटलंच. बकरी कुंपणातून आली, जाळीचं दार डोक्यानं ढकललं आणि माझी अख्खी पाटी बोळक्या म्हातारीनं शिरा खावा तशी डोळे मिटून खाऊ लागली.

“अरुणा?” मी म्हणालो.

“अहो, ती पिल्लं तोंडच लावेनात हो त्या कडू भुकटीला. उपाशी मेली असती. म्हणून मी त्यांना साधं खाद्य द्यायला लागले. आणि आधी उपास घडला म्हणून वर थोडी भाकरी, ताकातला भात, शेंगदाण्याचा कूट...”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तुम्ही रोज शीळ घालत घरी यायचात. कसं सांगणार?”

“भाऊ, तुमचं औषध लई भारी,” आक्काबाई कौतुकानं म्हणाल्या. “बकरी तांब्या तांब्या दूध देऊन राहिली. आता तुमच्या चहाला बी तेच आहे.”

शतावरी बाळंतिणीला दुधासाठी देतात, ही माहिती अरुणानं मला तिथंच, साहेबांच्या देखत दिली. साहेबांनी कपात पाहिलं, बकरीकडे पाहिलं आणि उरलेला चहा मोठ्या धीरानं संपवला.

“नंदकुमार,” निघताना ते म्हणाले, “तुम्ही धाग्याकडेच लक्ष द्या.” मग अरुणाकडे वळून हळूच, “वहिनी, ताक ताजं घ्यायचं की आंबट?”

पोल्ट्रीचं बारगळलं ते बारगळलंच. पण आक्काबाईंनी सामरवरणीभर अशी काही ख्याती केली की लोक शेळ्या घेऊन आमच्या दारात यायला लागले. मला मनातून बरं वाटलं. चला, कोंबडी नाही तर शेळी, नाव तर झालं! एक दिवस एक बाई आल्या, तेव्हा मी शर्टाची बटणं लावून, चेहरा गंभीर करून बाहेर आलो.

“बकरीचे डॉक्टर इथंच राहतात ना?” त्यांनी विचारलं.

मी ‘हो’ म्हणायला घसा साफ केला. तेवढ्यात बाईंनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि अरुणाला नमस्कार केला.

“डॉक्टरीणबाई, तुमच्या कंपाउंडरला जरा बकरी धरायला सांगा.”