नवरोजची दुलई

लाल रेशमाच्या चिंधीतून ट्यूलिपची एक पाकळी कापली, की उरलेल्या तुकड्यातून दुसरी निघत नाही.

होलमत बोबो दुपारी तोंड उघडं टाकून झोपतात.

झोडपलेला कापूस उन्हात ठेवला की दुप्पट फुगतो.

मांजराला सोनं ओळखता येतं, असं बोबोंचं ठाम मत आहे.

या गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मस्तुराला नवरोजच्या आदल्या दिवशी कळलं. तिचे सासरे होलमत बोबो तोंडावर हात धरून दारात उभे राहिले तेव्हा.

"केलिन," त्यांनी सुनेला हाक मारली, "कापूस कुठाय?"

"कुठला?"

"भिंतीशी ढीग होता तो."

"तो भरला की दुलयांत."

"सगळा?"

"सगळा. का हो बोबो?"

बोबोंनी हात काढला. वरचा ओठ आत गेला होता. वरची कवळी जागेवर नव्हती. समोरच्या सोन्याच्या दातासकट.

"मांजर नेईल म्हणून कापसात खुपसली होती," ते म्हणाले.

"कापसात कुणी दात ठेवतं का?"

"मऊ असतो."

मस्तुरानं हिवाळाभर बसून दोन दुलया शिवल्या होत्या. मधे रेशमी ट्यूलिप, कडेनं गव्हाचे हिरवे कोंब. एक घरासाठी. दुसरी लेकीच्या, बरनोच्या सासरी; लग्नानंतरचा पहिला नवरोज म्हणून. ती दुलई मस्तुराचा नवरा सोबिर नुकताच कालव्यापलीकडे पोचवून आला होता.

घरची दुलई उसवली. आत शिवताना बोटात घालायचं एक जुनं अंगुस्तान निघालं. दात नव्हते.

"भरताना तुझ्या हाताला लागले नाहीत?" सोबिरनं विचारलं.

"एक कोपरा घट्ट लागला होता. मला वाटलं, हातात सफाई आली."

"मग फोन कर आणि विचार."

"काय विचारू? आहेरात सासऱ्यांचे दात आलेत, तेवढे परत द्या?"

"आणि उद्या दुआ?" बोबो म्हणाले.

खरी अडचण ती होती. व्याह्यांच्या अंगणात सुमलकची, म्हणजे गव्हाच्या कोंबांच्या गोड लापशीची, कढई उतरताना सगळ्या आळीसमोर दुआ म्हणायचा मान यंदा बोबोंचा होता. हिवाळाभर ते ती शेळ्यांना म्हणून दाखवत होते. दात नसताना मात्र शेळ्यासुद्धा वळून बघेनात.

बेत ठरला. पाहुणे म्हणून जायचं, दुलईवर बसायचं, गाठ शोधायची.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांकडे दुलई मानाच्या जागी अंथरलेली होती. तिघं बसले. मस्तुरा डावीकडे सरकली. सोबिर मागे सरकला. तोंडावर हात धरून बोबो कोपऱ्याकडे सरकले.

"टोचतंय का काही?" विहीण होसियतनं विचारलं.

"छे, फार मऊ आहे."

"मग सरकताय का सगळे?"

मस्तुराला दुसरं काही सुचलं नाही. "आमच्याकडे नवरोजला नवी दुलई अशीच सारखी करतात. बसून बसून."

होसियतनं मान डोलावली. सुनेच्या माहेरची रीत, मोडायची कशी? तीही दुलईच्या काठावर बसून सरकू लागली. तिच्या दोन जावा आल्या. काय चाललंय ते न विचारता त्याही सरकू लागल्या. चहा घेऊन आलेल्या बरनोनं हे बघितलं आणि ती दारातच थांबली.

"आई, आपल्याकडे कधी असं करतात?"

"तू लहान होतीस. सरक."

एवढ्यात होसियतचे सासरे अब्दुमालिक आत आले. लग्नाच्या एकाही फोटोत हा माणूस हसलेला नव्हता. आज तो हसला. समोर सोन्याचा दात चमकला. त्यांनी बदाम तोंडात टाकला आणि कडकन फोडला.

सोबिर सरकायचा थांबला.

"बेटी," अब्दुमालिक मस्तुराला म्हणाले, "काल दुलई उशाला घेतली, तर टोचलं. कोपरा उसवून पाहिला. लग्नात मला मांस चावत नव्हतं, ते तू पाहिलंस. आणि चारचौघांत न देता गुपचूप शिवून पाठवलंस. एवढी समज मी कुठं पाहिली नाही."

"माप कसं घेतलंत, तेवढं कळलं नाही," होसियत म्हणाली.

मस्तुरानं बोबोंकडे पाहिलं. बोबो दातांकडे पाहत होते.

"अंदाजानं," ती म्हणाली.

अंगणात कढई उतरली. सगळे गप्प झाले आणि बोबोंकडे वळले. बोबोंनी ओठ घट्ट मिटले आणि हात करून अब्दुमालिकना पुढे केलं. केवढा विनय, असं कुणीतरी कुजबुजलं. अब्दुमालिकनी दुआ म्हटली. शब्द न् शब्द खणखणीत. बोबो दोन्ही तळवे वर करून ऐकत होते, त्या दातांना ती आधीपासून पाठ असल्यासारखे.

"आई, बोबो रडतायत," बरनो म्हणाली.

"दुआ मनाला लागली असेल."

परतताना कालव्याच्या पुलावर सोबिरनं भीत भीत विचारलं, "बाबा, आता काय करायचं?"

बोबोंनी तोंडावरचा हात काढला.

"त्याला चांगले बसलेत," ते म्हणाले. "मला मागून सैल व्हायचे."

ती कवळी होलमत बोबोंनी कधीकाळी जुन्या बाजारात, एक वापरलेली कढई घेताना, घासाघीस करून वर मागून घेतली होती.