पश्चिमेला शांतता आहे

सूर्य कुणाची परवानगी न घेता उगवतो, म्हणूनच त्याच्या स्वागताला समिती नेमावी लागते. वेल्समधल्या ब्रिन-एलाइन टेकडीवर वृक्षपूजक ड्रुइडांचा वारसा चालवणारं एक मंडळ आहे, आणि त्याची समिती फार कर्तबगार आहे. वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी, पहाटे साडेचारला, मंडळी पांढरे झगे घालून रिंगण धरतात. (आतून दोन स्वेटर. वेल्समध्ये उन्हाळा ही श्रद्धेचीच बाब.)

पूजेआधी प्रमुख चारी दिशांना विचारतात, "शांतता आहे का?" चौघांनीही "आहे" म्हटल्याशिवाय पूजा सुरू होत नाही. पश्चिमेचं "आहे" गेली एकोणीस वर्षं टेगवेन प्राइस म्हणत आली. तिच्या पाठीशी मंडळाचा जुना ओक होता आणि ओकाच्या मुळाशी तिच्या नवऱ्याची, इद्रिसची राख.

होता म्हणायचं, कारण मार्चमध्ये तो पाडला. गेल्या वर्षी निसर्गप्रेमी आले एकशेचाळीस, मोटारी एकशेअडतीस (दोन जोडपी अजून एकमेकांशी बोलतात), मग त्या लावायच्या कुठे? अर्थात पाडण्याआधी रीतीप्रमाणे झाडाची परवानगी तीनदा मागितली. झाड काही बोललं नाही. मौन म्हणजे संमती, अशी नोंद झाली. टेगवेन तेव्हा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात होती. तिला कुणी विचारलं नाही, कारण ती झाड नव्हती.

यंदा ती काठी टेकत आली, तर पाठीशी खडी, आणि खडीवर एक लाल मोटार. इद्रिस नेमका मागच्या उजव्या चाकाखाली.

उत्तर म्हणाली, आहे. पूर्व म्हणाली, आहे. दक्षिण जांभई देत म्हणाली, आहे.

"पश्चिमेला शांतता आहे का?" प्रमुख अल्विन मॅडक्स यांनी विचारलं.

"नाही," टेगवेन म्हणाली.

झालं! नोंदवहीत "आहे"पुढे खूण करायला एकच चौकट. "नाही"ची सोयच नव्हती.

"अगं, म्हणून टाक ना," अल्विन दबक्या आवाजात म्हणाले. "लोक गारठलेत."

"म्हणून टाकू? माझ्या माणसावर गाडी उभी आहे, अल्विन!"

"सूर्य यायला लागला!" पूर्वेकडून ब्रॉनवेन ओरडली. "तुमचं भांडण मागाहून करा!"

अल्विननी रीतसर दुसऱ्यांदा विचारलं. "नाही म्हणजे नाही," टेगवेन म्हणाली. पण आवाज फाटला होता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती त्या चाकाकडे बघत होती. हुंदका असा दाटला की तोंडातून शब्दच फुटेना.

चिटणिसांनी घड्याळ पाहिलं, अर्धं मिनिट थांबले (नियमात तेवढंच आहे) आणि चौकटीत खूण केली. तिसऱ्यांदा मौन, तेव्हा संमती. सूर्य उगवला, टाळ्या झाल्या. निसर्गाशी एकरूप झाल्याचं एकशेबारा जणांनी लिहून दिलं. उरलेले गाडी काढायला पळाले होते.

ब्रॉनवेननं चहाचा पेला टेगवेनच्या हातात दिला. "आता बरं वाटतंय ना गं?"

"हो," टेगवेन म्हणाली. "बरंय."

हसताय? हसा. आज सकाळी जिन्यात शेजाऱ्यांनी "काय, ठीक ना सगळं?" असं विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?