तिकडं हात लावायचा नाय

दामूकाकांना वेळ विचारली की ते दोन वेगवेगळ्या वेळा सांगत. दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ, आणि त्या दोघांचं आपसात कधीही पटलं नाही. आधी डावा हात वर व्हायचा, मग उजवा. "ह्याच्यावर साडेचार झालेत, ह्याच्यावर चार चाळीस. मधली धर."

बोईसरजवळ सरावलीत आमच्या बिल्डिंगमध्ये ते माझ्या शेजारच्या खोलीत राहत. मूळचे किनाऱ्यावरच्या दांडी गावचे, मासेमारीच्या घरातले. पण तरुणपणीच समुद्र सोडून बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात बॉयलरवर लागले होते. कमरेला पट्टा असायचा आणि पट्ट्याखाली नाडी. पावसाळ्यात एक छत्री उघडलेली, दुसरी काखेत. कामावरचे भय्ये हसायचे, "तामोरे साब, डबल टाइम चल रहा है क्या?" काका शांतपणे सांगायचे, "बॉयलरला पण दोन सेफ्टी वॉल्व असतात." मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "एकावर इसंबून रायचं नाय."

एकदा त्यांनी घरी पूजा घातली आणि दोन भटजींना सांगून ठेवलं. भटजी ऐन वेळी येत नाहीत, हा त्यांचा अनुभव. त्या दिवशी दोघेही वेळेवर हजर. चौरंगासमोर कोण बसणार यावरून दोघांत जी जुंपली, ती आमच्या जिन्यापर्यंत ऐकू आली. शेवटी एकाने पूजा सांगितली आणि दुसऱ्याने त्याच्या चुका काढल्या. काका मात्र खूश होते. पूजा एकदम पक्की झाली म्हणाले.

मीही हसायचे, खोटं कशाला सांगू? पण काकू एकदा धान्य निवडताना सहज म्हणाल्या, "हे पयले असे नव्हते गं. एक घड्याल होतं, ते पण कुठंतरी इसरून यायचे." तेव्हापासून मला मोकळेपणी हसता येईना.

कारण पयले म्हणजे कधी, ते मला माहीत होतं. पयले म्हणजे नितीन होता तेव्हा.

नितीन त्यांचा एकुलता एक. पालघरला कॉलेजात जायचा आणि संध्याकाळी बोईसरला मी शिकवत होते त्या कॉम्प्युटर क्लासला यायचा. माझ्यापेक्षा त्याला जास्त येत होतं आणि तो ते लपवायचाही नाही, म्हणून मला त्याचा रागही यायचा. इकडून तिकडून भाग जमवून त्याने घरात स्वतःचं मशीन उभं केलं होतं. एका सुट्टीत तो दांडीला चुलत्याकडे गेला आणि हौसेने घरच्या होडीवर चढला. परत येताना इंजिन बंद पडलं. वारा वाढला, होडी खडकांकडे ओढत गेली. चुलता आणि एक खलाशी पोहत किनाऱ्याला आले. नितीन दुसऱ्या दिवशी मुरबे गावच्या वाळूवर सापडला. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा. मला आजही त्या दिवसाची चीड येते, आणि ती कोणावर काढायची हे कळत नाही.

मशीन मागे राहिलं. चालू केलं की विंडोज उघडायचं आणि पडद्यावर एक होडी दिसायची. दांडीची ती घरची होडी नितीनने पेंटमध्ये माउसने काढली होती. निळी होडी, मागे इंजिनाच्या नळीतून निघणारा धूर, पुढच्या टोकाला, नाळेवर, भगवा झेंडा. काका कामावरून आले की मशीन लावायचे, होडीकडे बघत बसायचे आणि बंद करायचे. एकाही बटणाला हात लावायचे नाहीत. "हुबेहूब हाय," एवढंच म्हणायचे. "जशी होती तशीच काढलीय."

एक दिवस ते क्लासच्या दारात उभे राहिले. "मास्तरीण, मला कॉम्प्युटर शिकव."

"काय शिकायचंय काका?"

"चित्र काढायला."

पन्नाशी उलटलेला बॉयलरवरचा माणूस चित्रकला शिकणार! मी हसू दाबलं आणि म्हटलं, घरच्याच मशीनवर शिकवते. त्यांनी लगेच मान हलवली. "त्याच्यावर नाय. ते नितीनचं हाय. त्याच्या घरात आपण पसारा मांडायचा नाय." दुसरं मशीन घेण्यासारखी परिस्थिती नव्हती. म्हणून त्याच मशीनमध्ये आपल्यासाठी काही वेगळी सोय होईल का, ते एका दुकानात विचारून आले होते. दुकानदार म्हणाला होता, जुनं सगळं फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो. फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून टाकणं, हे कळल्यावर काका उठले, आणि त्यानंतर त्यांनी ती गल्लीच सोडली.

एकाच मशीनवर विंडोजसारख्या दोन सिस्टिम शेजारी शेजारी ठेवता येतात, हे मी बोलून गेले. काकांचा चेहरा असा उजळला की मला माझीच धास्ती वाटली. "म्हंजे दोन? एकाच मशीनमधी?" त्यांच्या मनासारखी गोष्ट अखेर कोणीतरी बनवली होती.

आता माझी गोची अशी की हे मी स्वतः कधीच केलेलं नव्हतं. क्लासमध्ये मी मास्तरीण असले, तरी मला यायचं ते पत्र टाइप करणं, हिशेबाचे तक्ते मांडणं आणि फार तर डिस्क आवरणं. एका मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्स नावाच्या सिस्टिमची सीडी माझ्याकडे होती. तिच्यावर मी आजवर चहाचा कप ठेवत आले होते. ती पुसली, तिच्यातली माहिती क्लासच्या मशीनवर उघडून वाचली. प्रत्येक पानावर एकच ताकीद: चूक झाली तर डिस्कवरचं सगळं जाईल. मी काकांना ते स्पष्ट सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू सांभालून करशील."

सुट्टीचा दिवस धरला. आधी डिस्कवरचं विखुरलेलं सगळं एका बाजूला गोळा करायचं होतं, म्हणजे उरलेल्या जागेत दुसरी सिस्टिम बसेल. पडद्यावर रंगीत चौकोन इकडून तिकडे सरकू लागले. काका खुर्ची ओढून टक लावून बघत होते. "बोंबील एकीकडं, मांदेली एकीकडं," ते म्हणाले. "वर्गवारी चाललीय." मी चार वर्षं क्लासमध्ये हे शिकवत होते, पण इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं.

वीज मध्येच गेली तर सगळाच ग्रंथ आटोपेल, हे मी आधी बोलले होते. म्हणून काकांनी दांडीहून एका होडीची बॅटरी आणून इन्व्हर्टरला जोडली होती. तिच्या शेजारी अर्थातच दुसरी बॅटरी होती. खोलीभर सुक्या मासळीचा वास सुटला. काकू म्हणाल्या, "आता ह्याच्यावर जालं टाका, म्हंजे झालं."

सीडी घालणार, तोच काका थांब म्हणाले. उंबऱ्यावर नारळ फोडला. नवीन होडीवर शिंपडतात तसं त्याचं पाणी मशीनवर शिंपडलं, आणि मी ओरडेपर्यंत अर्धी वाटी कीबोर्डवर गेली. बटणं चिकटली. मी कपाळाला हात लावला. काकांनी पलंगाखालून एक खोका ओढला आणि त्यातून दुसरा कीबोर्ड काढला.

"एकावर इसंबून रायचं नाय," मीच म्हटलं.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं मला वाटलं. जागेचे दोन वाटे पडले, लिनक्स एका वाट्यात उतरलं, मशीन पुन्हा सुरू झालं. काळा पडदा, त्यावर एक शब्द आणि लुकलुकणारी रेघ. थोडं थांबल्यावर आपोआप लिनक्स उघडलं. मी बंद करून परत लावलं. परत लिनक्सच. तिसऱ्यांदाही तेच. विंडोज नाही, होडी नाही.

काकांनी डाव्या हातातलं घड्याळ काढलं, मग उजव्या हातातलं काढलं, दोन्ही टेबलावर ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसले. आतून काकूंनी विचारलं, "काय झालं ओ?"

"काय नाय. तू चाय ठेव."

तो आवाज ऐकून मला रडू फुटायचं बाकी होतं. आईबापाजवळ उरलेलं मुलाचं घर मी फुकटच्या सीडीने पाडलं, असंच वाटत होतं. मी सीडीतली माहिती पुन्हा उघडली आणि वाचत सुटले. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. शेवटी एका पानावर सापडलं की लिनक्सच्या बाजूने दुसऱ्या वाट्यात डोकावता येतं. सांगितलेली ओळ टाइप केली. फायलींची नावं आली. त्यात एक चित्र होतं. ते उघडलं.

निळी होडी. धूर. झेंडा.

"आहे काका. सगळं आहे. फक्त दार बसवायचं राहिलंय."

काकांनी मान हलवली.

सुरुवातीच्या त्या काळ्या पडद्याला विंडोज कुठे आहे हे आम्ही सांगितलंच नव्हतं, एवढीच चूक होती. एका फाईलमध्ये दोन-तीन ओळी लिहायच्या होत्या आणि प्रत्येक बाजूला एक नाव द्यायचं होतं. मशीन लावल्यावर जे नाव टाइप कराल, ती बाजू उघडेल. मी विचारलं, "जुन्या बाजूला काय नाव देऊ?"

"नितीन," ते म्हणाले. "आणि ह्या बाजूला बाबा लिव."

मी तसं केलं. मग त्यांनी आणखी एक मागणं केलं. बाबाच्या बाजूने नितीनच्या बाजूचं सगळं दिसावं, पण तिकडचं काही बदलता येऊ नये. "चुकून पण नाय. तिकडं हात लावायचा नाय." तशी सोय होती. एक शब्द लिहावा लागला.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी थोडा वेळ त्यांना शिकवायला जायचे. बॉयलरच्या चाकांना सरावलेला हात. माउस त्यांच्या मुठीत चेचला जाईल असं वाटायचं. रेघ सरळ जाईना. पण त्यांनी चिकाटी सोडली नाही. गंमत म्हणजे ते फक्त त्रिकोण काढायचे. मोठा त्रिकोण, छोटा त्रिकोण, एका बाजूला फुगलेला त्रिकोण. पडदाभर त्रिकोण. मी चिडवायचे, "काका, समोसे तळताय की काय?"

"शिकतोय," ते म्हणायचे, आणि पुढचा काढायला घ्यायचे.

मग क्लासच्या परीक्षा आल्या आणि माझं जाणं सुटलं. परत गेले तेव्हा दिवाळी झाली होती. काका मशीनपुढे बसले होते. काकू दांडीला गेल्या होत्या. बाबाची बाजू उघडी होती आणि पडद्यावर नितीनची होडी होती, तिची नक्कल. निळा रंग, धूर, झेंडा सगळं तेच. पण मधोमध आता एक डोलकाठी उभी होती, जरा वाकडी, आणि तिच्यावर एक मोठं पांढरं शीड होतं. वाऱ्याने एका बाजूला फुगलेलं.

मी खुर्ची ओढून शेजारी बसले. तेच म्हणाले.

"मीच उतरवलं होतं. इंजिन बसवलं तवा. भाऊ नको म्हणत होता, राहू दे म्हणत होता. मी म्हटलं, इंजिन हाय ना, आता शीड कशाला? जागा अडते." त्यांनी माउस सोडला. "त्या कापडावर आमी मासली सुकवली. दोन वर्सं."

मला म्हणायचं होतं की त्या वाऱ्यात शिडाचाही उपयोग झाला नसता. पण मला वाऱ्यातलं काय कळतं? मी चिकूच्या वाडीत वाढलेली बाई. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मग त्यांनी विचारलं, "मास्तरीण, हे चित्र तिकडं नेता येईल? त्याच्या बाजूला?"

"येईल काका. तो एक शब्द बदलला की जातं. बदलू?"

ते शिडाकडे बघत राहिले. डावा हात उगाच वर केला, घड्याळाकडे न बघताच खाली घेतला.

"नको," ते म्हणाले. "तिकडं शीड नव्हतंच."

मग त्यांनी बाबाची बाजू बंद केली आणि मशीन पुन्हा लावलं. पडदा काळा झाला, रेघ लुकलुकू लागली. दामूकाका पुढे वाकले आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, मुलाचं नाव लिहू लागले.